सोसायटीच्या बागेसाठी हलकी आणि परवडणारी बॅटरीवरची अवजारे कशी निवडावीत?

मुलुंडच्या एका सोसायटीच्या उद्यान समितीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारतीभोवती सुमारे २५०० चौरस फुटांची बाग असून कुंपणालगत ६० फूट लांब आणि ५ फूट उंच अशी ड्युरांटाची हेज, म्हणजे झुडपांची सलग रांग, आहे. मध्ये हिरवळीचा एक तुकडा, ३०-४० कुंड्या, जास्वंद, बोगनवेल आणि एक जुना आंबा आहे. माळी आठवड्यातून दोनदाच येतो, त्यामुळे उरलेले काम तीन निवृत्त सभासद करतात. त्यांपैकी एका काकूंच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. १५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, आणि ऑनलाइन दिसलेला ‘४८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, पाच अवजारे’ असा स्वस्त संच घ्यावा का, हे समितीला जाणून घ्यायचे आहे.

आधी उत्तर देतो आणि कारणे मागाहून सांगतो. तो संच घेऊ नये. मुंबई-ठाण्यात दुरुस्ती केंद्र असलेल्या कंपनीचे १८ व्होल्टचे, ४५ ते ५० सेंटीमीटर पात्याचे एक हेज ट्रिमर (हेज कापणारे दातेरी पात्याचे यंत्र), त्यासाठी २ अँपिअर-तास क्षमतेच्या दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर, एवढीच यंत्रखरेदी यंदा करावी. काकूंसाठी रॅचेटची, म्हणजे टप्प्याटप्प्याने कापणारी, हातकात्री घ्यावी, आणि हेज साडेतीन फुटांपर्यंत खाली आणावी. शेवटची सूचना खरेदीची नाही, तरी खांद्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिचा खुलासा पुढे केला आहे.

सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्याने असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेकांची सुरुवात बाजारात काय मिळते येथून झालेली असते. सुरुवात बागेतून करावी. कोणत्या कामाने हात खरोखर दुखतो, हे पाहिले की यादी आपोआप लहान होते. तुमच्या हेजचा माथा २ फूट रुंद धरला आणि कुंपणाकडची बाजू सोडली, तरी ४२० चौरस फुटांचा पृष्ठभाग कापावा लागतो. जून ते ऑक्टोबर या काळात ड्युरांटा इतकी जोमाने वाढते की ही कापणी दर दोन-तीन आठवड्यांनी करावी लागते. मोठ्या हातकात्रीने हे काम करताना दोन्ही हात उचललेले राहतात आणि तीच हालचाल शेकडो वेळा होते. मोटरने खरी सुटका होते ती अशा कामात.

जास्वंद आणि बोगनवेल यांचे तसे नाही. तेथे प्रत्येक फांदी पाहून, कोणत्या डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या, वर काप द्यायचा हे ठरवावे लागते, आणि वेळ जातो तो विचारात. कापण्यात जातो तो क्षणभरच. या झाडांवर हेज ट्रिमर फिरवला तर फांद्या फाटतात, अर्धवट कापलेली टोके सुकतात आणि पावसाळ्यात तेथूनच बुरशी आत शिरते. कुंड्यांतील मातीसाठी खुरपे आणि पाचोळ्यासाठी खराटा पुरेसा आहे. हिरवळीच्या कडा हे दुसरे कंटाळवाणे काम आहे, पण तुमचा तुकडा लहान असल्याने त्यासाठी पहिल्याच वर्षी यंत्र हवे असे मला वाटत नाही.

आता वजनाकडे येऊ. जाहिरातीत दिलेले वजन बहुधा बॅटरीविना असते, आणि १८ व्होल्टची छोटी बॅटरीही त्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅमची भर घालते. त्यामुळे ‘२ किलो’ असे लिहिलेले हेज ट्रिमर हातात जवळजवळ अडीच किलोंचे भरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वजन शरीरापासून किती दूर आहे ते पाहावे लागते. पाते ६० सेंटीमीटरचे घेतले तर काम थोडे लवकर होते, पण वाढलेले वजन पुढच्या टोकाशी येते आणि तो सगळा भार खांद्यावर व मनगटावर पडतो. ४५ ते ५० सेंटीमीटरच्या पात्यात, मागे लावलेली बॅटरी पुढचा भार बऱ्यापैकी तोलून धरते. लांब दांड्याचे पोल ट्रिमर तर वयस्क माणसांनी घेऊच नये. त्याची मोटर आणि पाते दोन्ही दांड्याच्या टोकाला असतात, आणि पाच मिनिटांत हात थरथरू लागतात.

खरेदीपूर्वी घरच्या घरी एक चाचणी करून पाहता येते. २ लिटर पाण्याची बाटली भरली की तिचे वजन २ किलोंहून किंचित अधिक होते. ती दोन्ही हातांनी धरून, कोपर किंचित वाकवून, छातीच्या उंचीवर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावी आणि हे तीन मिनिटे करावे. त्यानंतर खांदा बोलू लागला, तर त्या व्यक्तीने हेज ट्रिमर चालवू नये, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या काकूंनी ही चाचणीही आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावी. दुकानात गेल्यावर मात्र बॅटरी लावलेले यंत्रच हातात मागावे. रिकामे यंत्र हातात देऊन ‘बघा किती हलके आहे’ असे म्हणणारे विक्रेते पुष्कळ भेटतात.

हेजची उंची कमी करण्याची सूचना याच कारणासाठी आहे. ५ फुटांच्या हेजचा माथा कापताना बहुतेकांचे कोपर खांद्याच्या रेषेपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते, आणि खांद्याला इजा करणारी स्थिती तीच असते. हेज साडेतीन फुटांची असेल तर कोपर कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली राहते, आणि कापायचा पृष्ठभागही ४२० वरून ३३० चौरस फुटांवर येतो. ड्युरांटा खोल छाटणी सोसणारी आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर माळ्याकडून मोठ्या लॉपरने, म्हणजे लांब दांड्यांच्या कात्रीने, जाड फांद्या साडेतीन फुटांच्या थोड्या खाली कापून घ्याव्यात. काही आठवडे हेज उघडीबोडकी दिसेल, सभासद कुरकुरतील, पण गणपतीपर्यंत ती पुन्हा भरून आलेली असेल. ही खोल छाटणी ट्रिमरने करू नये. पात्याच्या दोन दातांतील फट या वर्गाच्या यंत्रांत साधारण १५ ते २० मिलिमीटर असते, पण लाकूड झालेली फांदी त्या फटीत जेमतेम मावली तरी मोटर अडते, पाते तापते आणि बॅटरी भराभर उतरते. करंगळीहून जाड फांदी दिसली की यंत्र बंद करून हातकात्री घ्यावी.

सर्वाधिक फसवणूक होते ती बॅटरीच्या बाबतीत, म्हणून येथे थोडे हिशेबात जाणे भाग आहे. लिथियम-आयन प्रकारच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो, आणि पूर्ण भरलेला असताना तो सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात. म्हणजे एका डब्यावर ‘१८ व्होल्ट’, दुसऱ्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि तिसऱ्यावर ‘२१ व्होल्ट’ लिहिलेले असले, तरी आत तेच पाच सेल असतात. फरक फक्त मोजणीच्या क्षणाचा आहे. त्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. याच हिशेबाने १०.८ आणि १२ व्होल्टच्या अवजारांत तीन सेल असतात.

आता ‘४८ व्होल्ट’ पाहू. खरोखर ४८ व्होल्टच्या जवळ जायचे तर किमान १३ सेल एकापुढे एक जोडावे लागतात. अवजारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १८६५० आकाराच्या एका सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम असते. म्हणजे नुसत्या सेलांचेच वजन ५८५ ग्रॅम झाले, आणि त्यात प्लास्टिकचे कवच व आतील सर्किट धरलेले नाही. तुमच्या संचातील बॅटरी जर हातात ३००-४०० ग्रॅमची भरत असेल, तर तिच्यात पाचच सेल आहेत आणि ४८ हा आकडा छपाईपुरता आहे. ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असेही आकडे बाजारात दिसतात. ‘व्हीएफ’ हे कोणतेही प्रमाणित एकक नाही, ते आकड्याशेजारी व्होल्टसारखे दिसावे म्हणून लिहिलेले असते. भाजीवाल्याचा काटा मिळाला तरी वजनाची ही पडताळणी होऊ शकते.

बॅटरीत साठवलेली खरी ऊर्जा वॉट-तासांत मोजतात, आणि ती काढण्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा लागतो. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. एखादे यंत्र कामाच्या वेळी सरासरी २०० वॉट ओढत असेल, तर ही बॅटरी जवळजवळ ११ मिनिटे पुरेल. १०० वॉट ओढत असेल, तर २१-२२ मिनिटे. कोवळ्या वाढीवर चालणारा हेज ट्रिमर त्या मानाने कमी वीज घेतो, म्हणून दोन छोट्या बॅटऱ्यांत तुमची हेज एका सकाळी पूर्ण होण्यास हरकत नाही. पाने उडवणारे ब्लोअर आणि गवत कापणारे ट्रिमर मात्र वीज अधाशीपणे ओढतात, आणि स्वस्त संचांची निराशा नेमकी तेथे होते. चार्जिंगचा खर्च मनातही आणू नये. गळती धरूनही एका युनिटमध्ये अशी बॅटरी वीसहून अधिक वेळा भरता येते.

४ अँपिअर-तासांची एक बॅटरी घ्यावी की २ अँपिअर-तासांच्या दोन, असा प्रश्न यानंतर येतोच. १८ व्होल्टच्या मोठ्या बॅटरीत बहुधा दहा सेल असतात, म्हणजे ती छोटीपेक्षा पाव किलो किंवा त्याहून अधिक जड असते. तुमच्यासारख्या गटाने दोन छोट्या घ्याव्यात. एक संपली की माणसाने बसून पाणी प्यावे आणि तेवढ्यात दुसऱ्या सभासदाने काम हाती घ्यावे, ही सक्तीची विश्रांती खांद्याला हवीच असते. शिवाय एक बॅटरी बिघडली तरी काम थांबत नाही. याला एक अपवाद आहे: पुढे गवत कापण्याचे यंत्र घेतले, तर पाच सेलांची छोटी बॅटरी त्या भाराखाली लवकर तापते, आणि तेव्हा मोठी बॅटरीच योग्य ठरते.

बॅटरी निवडणे म्हणजे पुढच्या काही वर्षांसाठी एका घराण्याशी सोयरीक करणे असते, कारण दुसरे अवजार त्याच बॅटरीवर चालणारे घेतले तर ते बॅटरीविना, बरेच स्वस्त मिळते. पण कंपनीचे नाव एक म्हणजे बॅटरी एक, असे गृहीत धरू नये. बॉशच्या घरगुती हिरव्या आणि व्यावसायिक निळ्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींच्या अवजारांत बसत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका आणि ४० व्होल्टची एक्सजीटी मालिका वेगवेगळ्या आहेत. ब्लॅक अँड डेकर आणि डीवॉल्ट ही नावे एकाच मालकीची असूनही त्यांच्या बॅटऱ्या परस्परांना लागत नाहीत. सोसायटीत किंवा सभासदांपैकी कोणाकडे आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल असेल, तर त्याच मालिकेत हेज ट्रिमर मिळतो का, हे सर्वांत आधी पाहावे. मिळाला तर निम्मा खर्च तेथेच वाचतो. बिननावाच्या अनेक बॅटऱ्या मकिताच्या खाचेची नक्कल करतात आणि मूळ यंत्रात बसतातही, पण त्यांतील सेलांचे तापमान आणि दाब यांवर लक्ष ठेवणारे सर्किट कसे आहे हे बाहेरून कळत नाही. त्या घेऊ नयेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा, तो शोधून पाहावा.

मोटर ब्रशलेस असेल तर उत्तम, कारण ती त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालते आणि तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात. पण महिन्यातून दोन वेळा अर्धा तास चालणाऱ्या यंत्रासाठी त्यापायी तीन-चार हजार रुपये अधिक मोजावेत, असे मी म्हणणार नाही. कार्बन ब्रश झिजले तरी ते बदलता येतात आणि स्वस्त असतात.

तुमच्या पाच अवजारांच्या संचातील हेज ट्रिमर सोडून उरलेल्या चार गोष्टींविषयी आता सांगतो, कारण त्या न घेण्याची कारणेही समितीला सभेत द्यावी लागतील.

त्यांपैकी बॅटरीवरची छाटणी कात्री सर्वांत मोहात पाडणारी असते. ती २५ ते ३० मिलिमीटर जाडीची फांदी खटका दाबताच कापते, आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत दिवसभर छाटणी करणाऱ्यांसाठी ती वरदान आहे. पण बॅटरीसह तिचे वजन ८०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंत जाते, तर साध्या हातकात्रीचे अडीचशे ग्रॅमच्या आसपास असते. चाळीस कुंड्या आणि चार झुडपे यांसाठी तीन-चारपट वजन उचलण्यात अर्थ नाही. शिवाय तिच्या पात्याला फांदी आणि बोट यांतला भेद कळत नाही. अपघात होतो तो फांदी धरणाऱ्या दुसऱ्या हाताला. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे आणि मूठ आवळतच नाही, त्यांच्यासाठीच मी ती सुचवतो, आणि तेव्हाही दुसरा हात पात्यापासून वीतभर लांब ठेवण्याची अट घालतो. मुठीत जोर कमी आणि खांदा अशक्त, अशा काकूंसाठी रॅचेटची हातकात्री बरी. ती एकच फांदी तीन-चार टप्प्यांत कापते, प्रत्येक टप्प्याला थोडासाच दाब लागतो, आणि तिला बॅटरी लागत नाही.

छोटी साखळी-करवत, म्हणजे ४ किंवा ६ इंचांची मिनी चेनसॉ, सोसायटीच्या कपाटात असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या दिशेने येते, आणि एका हाताने धरलेले यंत्र तो झटका थोपवू शकत नाही. शिडीवर उभे राहून ती वापरणे तर आणखी धोक्याचे. दुसरी अडचण कायद्याची आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाडांचा विषय महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे येतो, आणि मुंबईत खासगी आवारातील झाडाच्या फांद्या छाटण्यासाठीही विभाग कार्यालयातील उद्यान खात्याची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या आंब्यासाठी मुलुंडच्या टी विभागात अर्ज करावा, आणि परवानगी मिळाल्यावर काम विमा असलेल्या प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावे. हातात करवत असली की परवानगीचा विचार मागे पडतो, हेही एक कारण आहे.

ब्लोअरची मुंबईत फारशी गरज नाही. पावसाळ्यात पाने जमिनीला चिकटून बसतात आणि छोट्या ब्लोअरच्या वाऱ्याने ती हलतही नाहीत. उन्हाळ्यात पाने उडतात, पण त्यांच्याबरोबर उडालेली धूळ तळमजल्याच्या खिडक्यांतून घरात जाते आणि तक्रारी समितीकडे येतात.

गवत कापणाऱ्या ट्रिमरबाबत मी इतका ठाम नाही. नायलॉनची दोरी फिरवणारा १८ व्होल्टचा ट्रिमर हिरवळीच्या कडा आणि फरशीच्या सांध्यांतील गवत सुबक कापतो, आणि वाकावे लागत नसल्याने कमरेला आराम मिळतो. मात्र स्वस्त संचांत त्याला लोखंडी पाती जोडून देतात आणि संरक्षक कवच नावापुरते असते. तशा पात्याने उडवलेला खडा उभ्या गाडीची काच फोडू शकतो, आणि सोसायटीत गाडीइतक्याच जवळ मुलेही असतात. पुढच्या वर्षी हे यंत्र घ्यायचे झाले तर फक्त नायलॉन दोरीचे, पूर्ण कवचाचे आणि हेज ट्रिमरच्याच बॅटरीवर चालणारे घ्यावे. मधल्या हिरवळीसाठी हाताने ढकलायचे, फिरत्या पात्यांचे साधे रील मॉवर आठवड्यातून एकदा फिरवले तर पुरते. गवत बोटभर उंच होऊ दिले की मात्र ते अडते, आणि ओल्या गवतात तर चालतच नाही.

छोट्या झुडपांसाठी मिळणाऱ्या कात्र्यांचा उल्लेख येथे करायला हवा, कारण त्या तुमच्या संचात नाहीत आणि असायला हव्या होत्या. हाताएवढ्या या यंत्राला गवताचे रुंद आणि झुडपाचे लांब अशी दोन पाती बदलून लावता येतात. स्टिलसारख्या कंपन्या ती १०.८ व्होल्टवर देतात, आणि बॅटरीसह त्यांचे वजन किलोभराच्या आसपास राहते. कुंडीतील एक्झोरा, कडेची अकॅलिफा, फरशीलगतचे गवत अशी कंबरेखालची कामे त्याने सहज होतात. हेज छोटी असती, २०-२५ फुटांची, तर मी मोठा ट्रिमर न सुचवता हेच सुचवले असते. ६० फुटांना ते अपुरे पडते. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात याला पहिला क्रम द्यावा, आणि ते काकूंच्या ताब्यात असावे.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरीतील कुंड्या आहेत, त्यांनी यातले काहीही घेऊ नये.

मुंबईच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण यंत्रांची माहितीपत्रके कोरड्या हवेच्या देशांना समोर ठेवून लिहिलेली वाटतात. आपल्याकडे हेज सर्वाधिक वाढते ती नेमकी पावसाळ्यात, आणि यातील बहुतेक यंत्रे पावसात वापरण्यासाठी बनवलेली नसतात. त्यामुळे पावसाची उघडीप पाहून, पाने निथळल्यावर, सकाळी दहानंतर काम करावे. ड्युरांटाचा रस आणि ओलावा पात्यावर रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज दिसतो. काम संपताच बॅटरी काढावी, पाते कोरड्या फडक्याने पुसावे, आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब पात्याच्या संपूर्ण लांबीवर सोडून ते पुन्हा पुसावे. पाते पुसण्यापूर्वी बॅटरी काढणे हा नियम सर्वांनी पाठ करावा, कारण खटका चुकून दाबला जातो तो पुसतानाच.

बॅटऱ्या मीटरच्या खोलीत, वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत. मीटरच्या खोलीत आगीचा धोका इमारतीच्या मुळाशी नेऊन ठेवल्यासारखे होते, आणि मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी करते. बहुतेक कंपन्या ४०-४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्जिंग करण्यास मनाई करतात. एका सभासदाच्या घरी, कोरड्या कपाटात, साधारण अर्ध्या भरलेल्या अवस्थेत त्या ठेवाव्यात आणि कामाच्या आदल्या दिवशी, घरात कोणी जागे असताना, चार्ज कराव्यात. कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये; अर्धा तास थंड होऊ द्यावी. फुगलेली, पडून तडा गेलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती दुरुस्ती केंद्रावर नेऊन द्यावी.

खरेदी ऑनलाइन करावी की दुकानातून, याबाबत माझा कल दुकानाकडे आहे. मुंबईतील अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, एका गल्लीत अनेक कंपन्यांची यंत्रे हातात घेऊन पाहता येतात, आणि वजनाचा निर्णय हातानेच घ्यायचा असल्याने त्या फेरीचे भाडे वाया जात नाही. तेथे तीन गोष्टी विचाराव्यात: बदली पाते मिळते का आणि कितीला, दुरुस्ती केंद्र कोठे आहे, आणि बॅटरीची हमी यंत्राइतकीच आहे की कमी. बदली पात्याची किंमत सांगता आली नाही, तर ते यंत्र किती वर्षे चालणार याचे उत्तर तेथेच मिळते. बॅटरीवर निर्मितीचा महिना छापलेला असेल तर तोही पाहावा, कारण दोन वर्षे गोदामात पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेण्यात तोटा आहे. बिल सोसायटीच्या नावाने आणि यंत्राच्या अनुक्रमांकासह घ्यावे. ऑनलाइनच घ्यायचे झाले तर वर्णनात बारीक अक्षरात ‘बॅटरी व चार्जर समाविष्ट नाही’ असे आहे का, हे आधी वाचावे.

दर बदलत असतात, तरी ढोबळ हिशेब असा मांडता येईल. एक बॅटरी आणि चार्जर यांसह हेज ट्रिमरला ८,००० ते १०,००० रुपये, दुसऱ्या बॅटरीला अडीच ते साडेतीन हजार, रॅचेटच्या हातकात्रीला ६०० ते १,०००, आणि डोळ्यांचे संरक्षक चश्मे, जाड हातमोजे व तेल यांना मिळून ५००. सर्व रकमा वरच्या टोकाला गेल्या तरी बेरीज १५,००० वर थांबते. लॉपर माळ्याकडे नसेल तर तेवढे वाढतील. तेव्हा दुसरी बॅटरी दोन महिने उशिरा घ्यावी, चश्मे मात्र पहिल्याच दिवशी आणावेत.

खरेदीला जाताना माळ्याला बरोबर न्यावे, हे मी आवर्जून सांगेन. यंत्र आणल्यावर आपले काम जाणार, अशी शंका त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि ती दूर न करता आणलेले यंत्र पहिल्याच महिन्यात ‘बिघडते’. हेजची सरळ रेषा डोळ्यांनी धरण्याचे कसब त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे अजून नाही. पहिल्या दोन कापण्या त्याने कराव्यात, दोरी बांधून उंची कशी राखायची ते तुम्हाला दाखवावे, आणि माथा बाजूंपेक्षा थोडा अरुंद ठेवावा म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळून हेज बुडापासून भरलेली राहील. तिसऱ्या कापणीपासून यंत्र सभासदांनी चालवावे आणि माळ्याचा तो वेळ जास्वंद, बोगनवेल आणि कुंड्यांतील माती बदलण्यासाठी ठेवावा.